इम्प्लांट बसवलं, आता क्राऊन बसेपर्यंतचे महिने कसे काढायचे

आधी एक शब्दांचा घोळ मिटवू, कारण त्यात माझा स्वतःचा आख्खा आठवडा गेलाय. डॉक्टर म्हणाले "कॅप लावलीय, आता तीन महिन्यांनी बघू" आणि मी खूश, म्हटलं चला दात बसला. घरी येऊन आरशात बघतो तर दात कुठला, हिरडीतून शर्टाच्या बटणासारखं एक चपटं चकचकीत धातूचं काहीतरी डोकावतंय. आपण बोलताना दातावरच्या टोपीला कॅप म्हणतो, म्हणजे क्राऊन. पण इम्प्लांटनंतर जी लावतात ती हीलिंग कॅप, ती वेगळीच गोष्ट आहे. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू म्हणजे इम्प्लांट, त्यावर पुढे अबटमेंट नावाचा जोड बसतो आणि त्यावर दातासारखा दिसणारा क्राऊन. हीलिंग कॅपचं काम एवढंच की हिरडी तिच्याभोवती गोल आकारात भरून यावी म्हणजे नंतर क्राऊन हिरडीतून उगवल्यासारखा दिसतो. काहींना ही कॅप पहिल्याच दिवशी लावतात, काहींच्या इम्प्लांटला नुसतं चपटं झाकण लावून हिरडी वरून शिवून टाकतात, मग काहीच दिसत नाही आणि काही महिन्यांनी हिरडी थोडी उघडून कॅप लावतात. तुमचं यातलं कुठलं झालंय ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण पुढची अर्धी काळजी त्यावर ठरते.

विचारायचंच आहे तर अजून चार गोष्टी तिथेच विचारा. हाडाची पावडर म्हणजे ग्राफ्ट घातलाय का, टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायला यायचंय, स्क्रू बसवताना पकड कशी मिळाली, आणि इम्प्लांट कुठल्या कंपनीचं कुठल्या साइजचं आहे. शेवटचं कागदावर लिहून किंवा स्टिकर चिकटवून मागाच. दहा वर्षांनी दुसऱ्याच गावात स्क्रू ढिला झाला तर तिथल्या डेंटिस्टला नेमका कुठला पाना लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळतं, नाहीतर एक्स-रे बघून अंदाज बांधत बसावं लागतं.

एवढं थांबायचं कशाला

हे नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमची नळीसारखी उपकरणं बसवून रक्तप्रवाह बघत होते, प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेनात, हाडाने धातूला घट्ट धरून ठेवलेलं. तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. त्यांचा जुना नियम होता खालच्या जबड्याला ३ महिने, वरच्याला ६, कारण खालचं हाड टणक असतं आणि वरचं स्पंजासारखं. हल्ली इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो, हाड लवकर पकडतं, त्यामुळे बऱ्याच जणांना दोन-तीन महिन्यांतच पुढच्या कामाला बोलावतात. ग्राफ्ट घातला असेल तर वेळ वाढतो, कधी सहा महिने, कधी त्याहून जास्त. त्यामुळे ओळखीच्या कुणाचं दोन महिन्यांत झालं म्हणून आपल्या डॉक्टरांवर चिडू नका, तोंड वेगळं, हाड वेगळं.

आता खरी गोम. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो लाकडात पिळलेला स्क्रू असतो तसा, नुसत्या दाबाने. मग शरीर कामाला लागतं, ड्रिलने दुखावलेलं कडेचं हाड आधी खाऊन साफ करतं आणि त्या जागी नवीन हाड घालायला घेतं, पण ते नवीन हाड सुरुवातीला कच्चं असतं. म्हणजे जुनी पकड सुटत चाललीय आणि नवी अजून आली नाही असा एक मधला काळ येतो, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या आसपास. आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला एकदम बरं वाटत असतं! सूज नाही, दुखत नाही, टाके निघालेत. पहिल्या आठवड्यात सगळेच जिवाला जपतात, ते सांगावं लागत नाही, मी हा लेख लिहितोय तो महिन्याभरानंतरच्या माणसासाठी.

पहिला दिवस

तोंडात गॉजची घडी देतात ती अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायची, सारखी काढून रक्त थांबलं का बघायचं नाही, बघितलं की परत सुरू होतं. दिवसभर लाळ गुलाबी येणं नॉर्मल आहे. तोंड भरून रक्त येत असेल तर नवीन गॉज ओली करून परत दाबून धरा आणि क्लिनिकला फोन लावा. २४ तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण ओढल्यामुळे जखमेवरची रक्ताची गुठळी निघू शकते आणि ती गुठळीच पहिलं पांघरूण असते. लाळ आली तर गिळा किंवा ओठातून हळूच सोडून द्या.

बाहेरून गालाला बर्फ, फडक्यात गुंडाळून, १५-२० मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढून ठेवायचा. पहिल्या दिवसानंतर बर्फाचा उपयोग कमी होत जातो म्हणून आळस करायचा तर नंतर करा. रात्री डोक्याखाली एक उशी जास्त घ्या. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आधीच घ्यायची, ठणका सुरू झाल्यावर गोळी घेतली की तो शांत व्हायला फार वेळ लागतो. कुठली गोळी ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतंच, पण अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काही असेल तर आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका. आणि पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची वरची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे लक्षात राहत नाही. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही, हे पण आलंच.

खालच्या दाढेचं इम्प्लांट असेल तर एक गोष्ट नक्की बघा. भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ आणि हनुवटी बधिरच असेल, मुंग्या येत असतील, तर "उतरेल हळूहळू" म्हणत बसू नका, त्याच सकाळी फोन करा. त्या भागात हाडाच्या आतून नस जाते, तिच्यावर दाब आला असेल तर जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

दुसरा दिवस ते टाके निघेपर्यंत

सूज पहिल्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. हे कुणी आधी सांगत नाही आणि माणूस घाबरतो की काहीतरी बिघडलं. तिसऱ्या दिवसानंतर ओसरायला लागली की ठीक. ओसरून परत वाढायला लागली तर मात्र ठीक नाही. काहींच्या गालावर, हनुवटीखाली निळा-पिवळा डाग येतो, तो आपोआप जातो. तोंड नीट उघडत नाही असंही होतं काही दिवस.

२४ तास झाले की कोमट पाण्यात मीठ, ग्लासाला अर्धा चमचा, खाल्ल्यावर प्रत्येक वेळी. खळखळून नाही, पाणी तोंडात घेऊन मान या बाजूला त्या बाजूला कलती करायची आणि सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर टूथपेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून वापरा, पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या पदार्थाने त्याचा असर कमी होतो. जास्त दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते, म्हणून सांगितलेत तेवढेच दिवस. बाकी दात पहिल्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखे घासायचे, फक्त जखमेची जागा सोडून. लोक घाबरून आख्खं तोंडच घासणं बंद करतात, मग जंतू वाढून त्रास त्या जखमेलाच.

टाक्यांजवळ पांढरट-पिवळसर पातळ थर दिसेल, मी तो पू समजून मध्यरात्री मोबाईलच्या टॉर्चने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला होता (बिचाऱ्यांनी सकाळी शांतपणे उत्तर दिलं). तो भरून येणाऱ्या जखमेचा थर असतो, खरवडायचा नाही. पू वेगळा, तो दाबल्यावर येतो, वास मारतो, बरोबर ठणका असतो. टाके काढायचे असतील तर साधारण एक ते दोन आठवड्यांत काढतात, विरघळणारे असतील तर त्याचे धागे मधेच जिभेला लागतात, ओढायचे नाहीत.

वरच्या दाढेला सायनस लिफ्ट (म्हणजे दाढांच्या वर नाकाशेजारी जी पोकळी असते तिचा पडदा उचलून खाली हाडाची पावडर भरणं) केलं असेल तर पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. ऐकायला विचित्र आहे पण नाक दाबून शिंकलं की सगळा दाब त्या नाजूक पडद्यावर जातो.

खाणं पहिले दोन-तीन दिवस थंड किंवा कोमट आणि मऊ, नंतर मऊच पण जरा घट्ट, आणि चावायचं दुसऱ्या बाजूने. पोटभर खा, विशेषतः प्रोटीन, जखम हवेवर भरत नाही. बारीक दाणेदार, कुरकुरीत, चिवट यातलं काही नको, दाणे टाक्यात जाऊन बसतात.

आता तो फसवा काळ

तिसऱ्या आठवड्यापासून तुम्ही विसरायला लागता. मी तर पाचव्या आठवड्यात बोलता बोलता कडक काहीतरी थेट त्याच बाजूने फोडलं, लक्षातच नाही आलं. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक पातळ गादीसारखा थर असतो, त्यामुळे जास्त दाब आला की दात लगेच ओरडतो. इम्प्लांटला ती गादी नसते, ते थेट हाडात, त्यामुळे किती दाब पडला याचा त्याला नीट पत्ताच लागत नाही. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे हा हिशोब इथे चालत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्या बाजूने कडक काही नाही, बस.

माझं नशीब चांगलं, फक्त हीलिंग कॅप ढिली झाली. जिभेने हलतेय असं कळलं आणि घामच फुटला की गेलं इम्प्लांट. तर हे लक्षात ठेवा, काही हलतंय असं वाटलं की बहुतेक वेळा ती वरची कॅपच असते, खालचा स्क्रू नाही. पण कुठलं ते घरी ठरवायचं नाही आणि बोटाने पिळून घट्ट तर अजिबातच करायची नाही. कॅप निघूनच हातात आली तर स्वच्छ डबीत ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा, कारण हिरडी फार पटकन मिटते, काही दिवसांत भोक बंद होतं आणि मग परत भूल देऊन उघडावी लागते. गिळली गेली तर सहसा आपोआप बाहेर पडते, तरी क्लिनिकला सांगा. ती छातीत गेल्यासारखं वाटलं, खोकला थांबेना, श्वासाला त्रास झाला तर मात्र थेट हॉस्पिटल.

कॅपची साफसफाई हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. जखम भरली की, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून, मऊ ब्रशने कॅप आणि तिच्या कडेची हिरडी रोज दोन वेळा हलक्या हाताने घासायची. सुरुवातीला भीती वाटते, थोडं रक्तही येईल. पण न घासता सोडली तर पांढरा चिकट थर बसतो, हिरडी लाल होऊन सुजते आणि मग माप घ्यायच्या दिवशी डॉक्टर म्हणतात अजून दोन आठवडे थांबा. जिभेचा चाळाही आवरा, सारखं त्या बटणाशी खेळू नका.

पुढचा दात असेल तर मधल्या काळात काढता-घालता येणारा तात्पुरता दात देतात. तो दिसायला आहे, चावायला नाही. तो इम्प्लांटच्या जागेवर दाबतोय, हिरडीवर लाल वळ उठतोय असं दिसलं तर लगेच जाऊन खालून घासून घ्या, आणि रात्री काढून ठेवायचा की नाही तेही विचारा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती लपवू नका, नाइटगार्ड मिळेल.

सिगरेट-तंबाखूवर लेक्चर देणार नाही, एवढंच सांगतो की ओढणाऱ्यांत इम्प्लांट फेल व्हायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघतं, निकोटीनमुळे हिरडीला रक्त कमी पोचतं. सोडायला याहून चांगलं निमित्त शोधून सापडणार नाही. डायबेटिस असेल तर या काही महिन्यांत शुगर जपा, ताब्यात असेल तर इम्प्लांट छान टिकतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, किंवा मधेच सुरू झालं, तर डेंटिस्टला सांगायलाच हवं. डोळ्यांच्या, हाडांच्या, हार्टच्या डॉक्टरांना दाताचं काय सांगायचं असं आपल्याला वाटतं आणि उलटही, त्यात गफलत होते. एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, तिथल्या टेक्निशियनला फक्त सांगून ठेवा.

फोन कधी करायचा

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप आला, पू किंवा घाण चव येत राहिली, आठवडे उलटल्यावर नव्याने सूज आली, कॅपऐवजी खालूनच काही हलल्यासारखं वाटलं, चावताना खोल आत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, सूज गळ्याकडे चाललीय, तर डेंटिस्टच्या वेळा बघत बसू नका, इमर्जन्सीला जा.

आणि समजा इम्प्लांट धरलंच नाही, होतं असं थोड्या लोकांत. ते काढतात, जागा भरू देतात आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा नीट बसतं. काढायला फार दुखतही नाही, न धरलेला स्क्रू सहज निघतो.

परत खुर्चीत

ठरलेला काळ झाला की एक्स-रे काढतात, स्क्रूवर हलकेच ठोकून आवाज ऐकतात, खणखणीत आला की चांगलं, बद्द आला की शंका. काही ठिकाणी एक छोटं यंत्र लावून १ ते १०० मधला आकडा काढतात, त्याला आयएसक्यू म्हणतात, ७० च्या वर आला की पकड मस्त, ६० च्या खाली असेल तर बहुतेक अजून थांबवतात. थांबवलं तर वाद घालू नका हो, अजून एक महिना म्हणजे काहीच नाही.

हिरडी शिवून टाकलेली असेल तर आता छोट्या भुलेत उघडून हीलिंग कॅप लावतात आणि हिरडीला आकार यायला दोन ते चार आठवडे देतात. हे ज्यांना माहीत नसतं ते त्या दिवशी क्राऊन घेऊन घरी जायच्या तयारीने येतात! मग माप, एकतर तोंडात मऊ मसाला दाबून साचा घेतात नाहीतर स्कॅनरने, त्यात दुखत नाही. लॅबमधून क्राऊन यायला साधारण एक ते तीन आठवडे.

क्राऊन बसवताना हिरडीवर दाब येतो, ती काही मिनिटं पांढरी पडते, घट्ट-घट्ट वाटतं, ते जातं. बाजूच्या दातामधून फ्लॉस जरा अडत पण जातोय ना ते तिथेच बघून घ्या, सैल असेल तर अन्न अडकत राहणार. मग तोंड मिटून दोन-चार वेळा नेहमीसारखं चावून बघा. जरा जरी उंच लागला तर तिथेच सांगा, "सवय होईल" म्हणून घरी जाऊ नका, आपल्या दाताला सवय होते कारण त्याच्याखाली ती गादी असते, इथे क्राऊन उंच राहिला तर उंचच राहतो आणि सगळा भार स्क्रूवर. माझा दोनदा घासावा लागला, तिसऱ्यांदा बरोबर बसला, आणि ते घासणं म्हणजे पाच मिनिटांचं काम होतं.